फ्लेवोनॉइडच्या कॅप्सूल ग्लिफ्लोझिनची जागा घेऊ शकतात का?

प्रश्न असा आहे: वडिलांना टाइप-२ मधुमेह असून हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली आहे आणि डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन हे ग्लिफ्लोझिन गटातील औषध सुरू केले आहे. या गटातील औषधे मुळात सफरचंदाच्या झाडातील एका फ्लेवोनॉइडवरून (वनस्पतींत आढळणाऱ्या एका मोठ्या रासायनिक कुळातील पदार्थावरून) तयार झाली, असे मुलाच्या वाचनात आले. मग क्वेर्सेटिनसारखी वनस्पतिजन्य फ्लेवोनॉइड कॅप्सूलमधून घेतली तर हृदयाला तेच संरक्षण मिळेल का, त्यामुळे गोळी थांबवता येईल का, आणि दोन्ही सोबत घेतल्यास काही बिघडेल का?

आधी सर्वांत महत्त्वाचे सांगतो: गोळी थांबवू नये. मुलाने वाचलेली माहिती मात्र खरी आहे, आणि ती खरी असल्यामुळेच उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते. या औषधांचा पूर्वज खरोखरच वनस्पतीतला आहे. त्या पूर्वजापासून आजच्या गोळीपर्यंत येताना रसायनशास्त्रज्ञांना नेमके काय बदलावे लागले हे एकदा लक्षात आले, की कॅप्सूलकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये, हेही स्पष्ट होते.

त्या पूर्वजाचे नाव फ्लोरिझिन. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून तो वेगळा काढला गेला. चवीला तो कडू. सिंकोना आणि विलो यांच्या कडू साली तापावर गुणकारी ठरल्या होत्या, म्हणून फ्लोरिझिनही ताप उतरवील अशी त्या काळी अपेक्षा होती. ती फोल ठरली. पुढे १८८६ साली योसेफ फॉन मेरिंग या जर्मन वैद्यांनी दाखवून दिले की फ्लोरिझिन दिल्यावर लघवीतून भरपूर साखर जाते. गंमत अशी, की स्वादुपिंड काढून टाकल्यास मधुमेह होतो हा १८८९ सालचा सुप्रसिद्ध शोधही ऑस्कर मिन्कोव्स्की आणि याच फॉन मेरिंग यांच्या नावावर आहे. काटेकोरपणे पाहिले तर फ्लोरिझिन हा डायहायड्रोचाल्कोन या वर्गातील पदार्थ आहे. पण वनस्पतीत ज्या मार्गाने फ्लेवोनॉइड तयार होतात त्याच मार्गाच्या एका फांदीवर तो जन्मतो, त्यामुळे त्याला फ्लेवोनॉइडच्या कुळात धरणे चुकीचे नाही.

लघवीतून साखर का जाते, हे कळायला मूत्रपिंडाचे काम थोडे समजून घ्यावे लागेल. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यासोबत १६० ते १८० ग्रॅम ग्लुकोज सूक्ष्मनलिकांत उतरते. यातले जवळजवळ सगळे ग्लुकोज परत रक्तात घेतले जाते. हे काम दोन वाहक प्रथिने करतात. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातील एसजीएलटी-२ सुमारे ९० टक्के ग्लुकोज परत ओढते आणि उरलेले पुढच्या भागातील एसजीएलटी-१ टिपून घेते. दोन्ही वाहक ग्लुकोजसोबत सोडियमही आत नेतात; हा तपशील हृदयाच्या संदर्भात पुढे महत्त्वाचा ठरेल. फ्लोरिझिन या दोन्ही वाहकांच्या दाराशी अडून बसते. त्याच्या रेणूतील ग्लुकोजचा भाग वाहकाला ओळखीचा वाटतो म्हणून तो धरला जातो, परंतु मागे जोडलेल्या मोठ्या वलयांमुळे तो आत जाऊ शकत नाही.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, स्वादुपिंडाचा बराचसा भाग काढून मधुमेही केलेल्या उंदरांना फ्लोरिझिन देण्यात आले. लघवीवाटे साखर बाहेर गेल्यामुळे रक्तातील साखर उतरलीच, शिवाय इन्सुलिनला ऊतींचा मिळणारा प्रतिसादही पूर्ववत झाला. रक्तातील जादा साखर स्वतःच शरीराला अपाय करते आणि ती केवळ बाहेर काढून टाकल्यानेही फरक पडतो, हे त्यातून ठामपणे दिसले. निसर्गानेही हा प्रयोग माणसात करून ठेवला आहे. काही कुटुंबांत एसजीएलटी-२ चे जनुक जन्मतः सदोष असते. या लोकांच्या लघवीतून आयुष्यभर साखर जाते आणि त्यांपैकी बहुतेक जण निरोगी असतात. हा वाहक बंद केल्याने माणसाचे मोठे नुकसान होणार नाही, हा धीर औषध शोधणाऱ्यांना त्यातूनच मिळाला.

मग फ्लोरिझिनच गोळीत भरून का दिले नाही? माझ्या मते या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली याच प्रश्नात आहे. फ्लोरिझिनमध्ये ग्लुकोजचा भाग उरलेल्या रेणूला ऑक्सिजनच्या एका अणूमार्फत जोडलेला असतो. वनस्पतीतील बहुसंख्य फ्लेवोनॉइड अशाच रीतीने साखरेला बांधलेली असतात, आणि आपल्या आतड्याच्या अस्तरात हा सांधा तोडणारी विकरे (एन्झाइम) सज्ज असतात. दुधातील साखर पचवणाऱ्या विकराचे शास्त्रीय नावच मुळी लॅक्टेज-फ्लोरिझिन हायड्रोलेज असे आहे, कारण एकच प्रथिन दोन्ही कामे करते. म्हणजे तोंडावाटे घेतलेल्या फ्लोरिझिनचा मोठा भाग मूत्रपिंडापर्यंत जाण्याआधीच आतड्यात तुटतो. तुटून जो फ्लोरेटिन उरतो तो एसजीएलटीला सोडून ग्लुट या दुसऱ्याच वाहकांना अडवतो, आणि हे वाहक शरीरभर पसरलेले आहेत. शिवाय न तुटलेले फ्लोरिझिन आतड्यातील एसजीएलटी-१ लाही अडवते; तसे झाले की न शोषलेली साखर आतड्यात साचून जुलाब होतात. एका वाक्यात सांगायचे तर, मूत्रपिंडात अचूक काम करणारा हा रेणू तोंडावाटे घेतला तर मूत्रपिंडापर्यंत फारसा पोहोचतच नाही.

रसायनशास्त्रज्ञांनी केलेला निर्णायक बदल दिसायला अगदी लहान आहे. त्यांनी मधला ऑक्सिजन काढून ग्लुकोजचा भाग थेट वलयाच्या कार्बनला जोडला. हा सांधा आतड्यातील विकरांना तोडता येत नाही. सोबत मागच्या वलयांची ठेवण अशी बदलली की रेणू एसजीएलटी-२ ला घट्ट धरील आणि एसजीएलटी-१ कडे फारसे लक्ष देणार नाही. डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही सारी याच घडणीची. डापाग्लिफ्लोझिनचा कल एसजीएलटी-१ च्या तुलनेत एसजीएलटी-२ कडे हजारपटींहून अधिक आहे, तोंडावाटे घेतलेल्या मात्रेपैकी सुमारे ७८ टक्के रक्तात पोहोचते आणि तिचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, १३ तासांच्या आसपास असते. म्हणून १० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसभर पुरते. युरोपात या औषधाला २०१२ साली मान्यता मिळाली. एम्पाग्लिफ्लोझिन २०१४ साली आले.

पोहोच म्हणजे काय ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. एम्पाग्लिफ्लोझिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतल्यावर रक्तातील त्याची सर्वोच्च पातळी लिटरमागे सुमारे २६० नॅनोमोल होते. त्यातला ८६ टक्के भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणजे मोकळा उरतो तो ३६ नॅनोमोलच्या जवळपास. एसजीएलटी-२ चे काम निम्म्यावर आणायला मात्र ३ नॅनोमोल पुरतात. गरजेच्या दहापटीहून अधिक मोकळे औषध लक्ष्याच्या परिसरात असते. हाच हिशेब पुढे क्वेर्सेटिनला लावून पाहू.

त्याआधी हृदयाकडे वळतो. २००७ साली रोझिग्लिटाझोन या साखर कमी करणाऱ्या औषधामुळे हृदयविकाराचा झटका वाढत असल्याची शंका जगभर गाजली आणि २००८ पासून अमेरिकेच्या औषध नियामकाने मधुमेहाच्या नव्या औषधांकडून हृदयाच्या सुरक्षिततेचा पुरावा मागायला सुरुवात केली. म्हणजे त्या मोठ्या चाचण्या मुळात 'हे औषध हृदयाला अपाय करत नाही ना' हे पाहण्यासाठी होत्या. २०१५ साली एम्पा-रेग आउटकम या चाचणीचा निकाल आला तेव्हा आम्हा औषधशास्त्राच्या लोकांना तो पुन्हा पुन्हा वाचावा लागला, कारण एवढ्या फायद्याची अपेक्षा कुणीच केलेली नव्हती. टाइप-२ मधुमेह आणि आधीच हृदयरोग असलेले ७,०२० रुग्ण, सुमारे तीन वर्षांचा पाठपुरावा. हृदयरोगाने होणारे मृत्यू निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ५.९ टक्के आणि एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत ३.७ टक्के. हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदय पुरेसे रक्त पंप करू शकत नाही म्हणून, रुग्णालयात दाखल होण्याची जोखीम ३५ टक्क्यांनी कमी झाली.

हा फायदा साखर उतरल्यामुळे झाला असे मानणे स्वाभाविक आहे, पण ते बरोबर नाही. साखरेतील फरक बेताचाच होता. दुसरे असे, की २०१३ सालच्या एका मोठ्या चाचणीत सॅक्साग्लिप्टिन या वेगळ्या गटातील औषधाने साखर कमी केली, तरीही हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण २.८ वरून ३.५ टक्क्यांवर गेले. मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१९ सालच्या डापा-एचएफ चाचणीचा पुरावा. हृदयाची पंप करण्याची क्षमता घटलेल्या ४,७४४ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हताच. हार्ट फेल्युअर बळावणे किंवा हृदयरोगाने मृत्यू होणे, हे निष्क्रिय गोळीच्या गटात २१.२ टक्के आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटात १६.३ टक्के रुग्णांत घडले, आणि मधुमेह असो वा नसो, फायदा सारखाच मिळाला. पुढे एम्परर-रिड्यूस्ड आणि एम्परर-प्रिझर्व्ह्ड या चाचण्यांत एम्पाग्लिफ्लोझिननेही हेच दाखवले; दुसरीतील रुग्णांची पंप करण्याची क्षमता टिकून होती, तरीही लाभ झाला. मूत्रपिंडाचे काम मंदावले की ही औषधे साखर फारशी उतरवू शकत नाहीत, कारण मुळात साखर गाळलीच कमी जाते. हृदयाला आणि मूत्रपिंडाला मिळणारे संरक्षण मात्र तेव्हाही टिकते.

हे संरक्षण कसे मिळते, यावर एकमत अजून झालेले नाही. मला स्वतःला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण मूत्रपिंडातून सुरू होते. ग्लुकोजसोबत सोडियमही नलिकेत राहते, ते पुढे गेल्यावर मूत्रपिंड गाळण्यांवरील दाब स्वतःहून उतरवते, जादा पाणी आणि मीठ बाहेर जाते आणि हृदयावरचा भार हलका होतो. एम्परर-रिड्यूस्डमध्ये फायदा बाराव्या दिवसापासूनच दिसू लागला. तो इतक्या लवकर दिसणे या स्पष्टीकरणाशी जुळते. याखेरीज तांबड्या पेशींचे प्रमाण वाढते आणि शरीर थोडे उपाशी असल्यासारखे वागून चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करू लागते, ज्यांचा थकलेले हृदय इंधन म्हणून उपयोग करू शकते. हृदयाच्या स्नायुपेशींत एसजीएलटी-२ आढळत नाही, म्हणून या पेशींतील सोडियमच्या दुसऱ्या एखाद्या वाहकावर औषधाचा थेट परिणाम होतो का, यावर वाद चालू आहे. यंत्रणेबद्दल मतभेद असले तरी परिणामाबद्दल नाहीत, आणि रुग्णाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

आता फ्लेवोनॉइडकडे. हा हजारो पदार्थांचा परिवार आहे. कांद्यातील क्वेर्सेटिन, चहातील कॅटेचिन, कोकोतील एपिकॅटेचिन, लिंबूवर्गीय फळांतील हेस्परिडिन, सोयाबीनमधील जेनिस्टाइन, जांभळ्या फळांचा रंग देणारी अँथोसायनिन ही त्यातली ठळक नावे. 'फ्लेवोनॉइड हृदयाला चांगले' हे विधान म्हणूनच मला 'पांढरी भुकटी गोड असते' या विधानाइतके सैल वाटते. कोणते फ्लेवोनॉइड, किती आणि कुठवर पोहोचलेले, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

क्वेर्सेटिनचे प्रयोग वाचताना मात्रेकडे आवर्जून पाहावे. काचेच्या तबकडीत वाढवलेल्या पेशींवर ते सहसा १० ते १०० मायक्रोमोल इतक्या पातळीत टाकलेले असते (एक मायक्रोमोल म्हणजे हजार नॅनोमोल). माणसाने ते खाल्ल्यावर आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल आणि सल्फेट जोडले जातात आणि रक्तात जे फिरते ते जवळजवळ सगळे हे जोडलेले रूप असते. नेहमीच्या आहारात त्याची पातळी एका मायक्रोमोलच्याही खाली राहते. म्हणजे तबकडीत जो रेणू, ज्या पातळीत काम करताना दिसला, तो रेणू त्या पातळीत हृदयापर्यंत जातच नाही. एम्पाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत गरजेच्या दहापट औषध लक्ष्याजवळ होते; इथे गरजेच्या दहाव्या किंवा शंभराव्या भागाइतकेही नसते. भरीला क्वेर्सेटिनसारखे रेणू प्रयोगशाळेच्या चाचण्यांना फसवतात: ते प्रथिनांभोवती गोळे करून चिकटतात आणि कुठल्याही विकराचे काम बंद पाडल्याचा आभास निर्माण करतात. 'क्वेर्सेटिन अमुक विकराला रोखते' अशा निष्कर्षांची लांबलचक यादी मिळते त्यामागे हेही एक कारण आहे.

फ्लेवोनॉइड निरुपयोगी आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. आतड्यात त्यांची पातळी रक्ताच्या कितीतरी पट असते, त्यामुळे पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकरांना आणि ग्लुकोजच्या वाहकांना ती तिथे थोडेफार रोखू शकतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे तुकडे करून लहान फिनॉलिक आम्ले बनवतात, आणि हे तुकडे रक्तात मूळ रेणूपेक्षा जास्त प्रमाणात व जास्त काळ राहतात. खरा परिणाम कदाचित त्यांचाच असेल. सोयाबीनमधील डेडझाइन या फ्लेवोनॉइडपासून इक्वॉल हा पदार्थ बनवणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यात नसतात, म्हणून एकच आहार दोन माणसांत वेगळा वागतो. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना जपून वापरायला सांगतो. रक्तातील क जीवनसत्त्व आणि युरिक आम्ल यांच्या पातळीपुढे फ्लेवोनॉइडची पातळी इतकी क्षुल्लक असते, की ती थेट ऑक्सिडीकरण रोखत असतील हे संभवत नाही. ती काही करत असतील तर पेशींतील संकेत बदलून; एपिकॅटेचिनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड वाढून त्या सैलावतात, हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

माणसांतील पुरावा कसा आहे? नेदरलँड्समधील झुटफेन येथील ८०५ वयस्क पुरुषांच्या अभ्यासात, ज्यांच्या आहारात फ्लेवोनॉइड सर्वाधिक होती त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू, ज्यांच्या आहारात ती सर्वांत कमी होती त्यांच्या निम्म्याहून कमी आढळले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे हा विषय लोकप्रिय झाला. पण वेल्समधील केअरफिली येथील पुरुषांत तसा फायदा दिसला नाही. फळे-भाज्या जास्त खाणारा माणूस इतरही अनेक बाबतींत वेगळा जगत असतो, आणि निरीक्षणात्मक अभ्यासात ते वेगळेपण पुरते बाजूला काढता येत नाही. म्हणूनच यादृच्छिक निवडीची चाचणी लागते. अशी सर्वांत मोठी चाचणी म्हणजे २०२२ साली प्रसिद्ध झालेली कॉसमॉस. २१,४४२ ज्येष्ठ व्यक्तींना रोज ५०० मिलिग्रॅम कोकोतील फ्लेवनॉल किंवा निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आली. हृदयरोगाच्या एकूण घटनांमध्ये १० टक्के घट दिसली, पण ती योगायोगापासून वेगळी काढण्याइतकी ठाम नव्हती. हृदयरोगाने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले. मात्र तो दुय्यम निकष होता, त्यामुळे त्याला आशादायक म्हणता येईल, सिद्ध नाही. शिवाय या लोकांना हार्ट फेल्युअर आहे म्हणून निवडलेले नव्हते. क्वेर्सेटिनबद्दल बोलायचे तर, रोज ७३० मिलिग्रॅम दिल्यावर २८ दिवसांत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी ७ अंकांनी उतरला, असा एक छोटा अभ्यास आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे मृत्यू किंवा रुग्णालयातील भरती त्याने कमी होते, असे दाखवणारी चाचणी नाही. वडिलांना ज्यासाठी गोळी दिली आहे, नेमक्या त्याच बाबतीत कॅप्सूलकडे पुरावा नाही.

राहिला दोन्ही सोबत घेण्याचा प्रश्न. एम्पाग्लिफ्लोझिनचा निचरा मुख्यतः ग्लुक्युरोनिक आम्ल जोडणाऱ्या विकरांमार्फत आणि काही अंशी जसेच्या तसे लघवीवाटे होतो. फ्लेवोनॉइडही याच विकरांच्या दारात रांग लावतात, तरी आहारातील प्रमाणात त्यामुळे या गोळीच्या पातळीत धोक्याचा फरक पडेल असे मला वाटत नाही. माझी काळजी वेगळी आहे. हार्ट फेल्युअरचा रुग्ण सहसा एकच गोळी घेत नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल तर क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलपासून दूरच राहावे. डिगॉक्सिनला पेशीबाहेर टाकणारा पंप ते अडवू शकते आणि डुकरांवरील एका प्रयोगात हा संयोग जीवघेणा ठरला होता. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन असेल तर वनस्पतींचा कोणताही तीव्र अर्क सुरू करताना आणि बंद करताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) तपासावा लागतो. हिरव्या चहाचे उदाहरण तर प्रत्येकाला चकित करते. निरोगी स्वयंसेवकांनी दोन आठवडे रोज ७०० मिलिलिटर हिरवा चहा घेतल्यावर नॅडोलॉल या बीटा-ब्लॉकरचे (रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या औषधाचे) शोषण ८५ टक्क्यांनी घटले. इथे औषध वाढत नाही, नाहीसे होते, आणि रुग्णाला वाटते की गोळीच लागू पडत नाही.

ग्रेपफ्रूटची गोष्टही इथे सांगायला हवी. १९८९ साली फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाच्या एका प्रयोगात मद्याची चव झाकण्यासाठी हा रस वापरला गेला आणि औषधाची पातळी अनपेक्षितपणे वाढली. सुरुवातीला संशय नारिंजिन या फ्लेवोनॉइडवर होता. नंतर खरे कारण मुख्यतः फ्युरानोकुमारिन या वेगळ्याच पदार्थांत सापडले. सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची औषधे घेणाऱ्यांनी हे फळ टाळावे, हा सल्ला त्यातूनच आला. एका फळात शेकडो पदार्थ असतात आणि गुण किंवा दोष कुणाचा हे चवीवरून ठरवता येत नाही.

'वनस्पतीतले आहे म्हणून निरुपद्रवी' ही समजूतही तपासून घ्यावी. कॅटेचिनचाच एक प्रकार असलेले सायनिडॅनॉल यकृताच्या आजारांवर औषध म्हणून विकले जात होते. तांबड्या पेशी फुटण्याचे प्रकार घडल्यामुळे १९८५ साली ते मागे घ्यावे लागले. हिरव्या चहाच्या अर्कातील ईजीसीजी हे कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताची विकरे वाढू शकतात, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली काढला. चहा पिणे आणि चहाचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून उपाशीपोटी घेणे, या औषधशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट बाजूही सांगतो: डायोस्मिन आणि हेस्परिडिन यांचे शुद्ध मिश्रण पायांच्या शिरांच्या आजारावर रीतसर औषध म्हणून वापरले जाते. ठरलेली मात्रा, ठरलेला आजार आणि माणसांवरील चाचण्या असतील तर फ्लेवोनॉइडही औषध होऊ शकते. माझा आक्षेप पुराव्याच्या अभावाला आहे, वनस्पतीला नाही.

आता गोळीविषयी, कारण तिचेही धोके आहेत आणि ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लघवीत साखर राहिल्याने जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. रोजची स्वच्छता आणि वेळीच उपचार यांनी तो बहुधा आटोक्यात राहतो. सोबत लघवी वाढवणारी औषधे असतील तर शरीरातील पाणी कमी होऊन चक्कर येऊ शकते, आणि इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा आणखी एक गट) चालू असेल तर त्यांची मात्रा कमी करावी लागू शकते. पहिल्या काही आठवड्यांत मूत्रपिंडाच्या गाळण्याचा दर थोडा घसरलेला दिसतो. गाळण्यांवरील दाब उतरल्याची ती खूण असते आणि तेवढ्यावरून घाबरून औषध बंद करू नये.

सर्वांत जपायचे ते कीटोॲसिडोसिसपासून, म्हणजे कीटोन फार साचून रक्त आम्लधर्मी होण्यापासून. या औषधांवर तो साखर फारशी न वाढताही होतो आणि म्हणूनच निसटतो. माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाला दोन दिवस उलट्या होत होत्या, जेवण बंद होते, गोळी मात्र नेमाने चालू होती. साखर १९० भरली म्हणून आधी ज्यांनी तपासले त्यांनी पित्ताचे औषध देऊन घरी पाठवले होते. रक्तातील कीटोन तपासल्यावर खरा प्रकार कळला. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला आणि घरच्यांनाही सांगतो: उलट्या, जुलाब, तीव्र ताप किंवा जेवण थांबले असेल तर गोळी तात्पुरती थांबवा, पाणी पुरेसे घ्या, साखर कितीही असली तरी कीटोनची तपासणी मागा, आणि खाणे-पिणे पूर्ववत झाल्यावर डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू करा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी एम्पाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस बंद ठेवावे लागते. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य करणारा आहार या गोळीसोबत स्वतःहून सुरू करू नये, कारण तोही शरीराला कीटोनकडेच ढकलतो.

वडिलांच्या ताटात फळे, भाज्या, डाळी असाव्यात. चहाही चालेल, मात्र डॉक्टरांनी दिवसाच्या पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तो त्या मर्यादेत मोजावा आणि लोहाची गोळी चालू असेल तर तिच्या वेळेपासून दूर ठेवावा, कारण चहातील पॉलिफिनॉल लोहाचे शोषण कमी करतात आणि हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता वारंवार आढळते. क्वेर्सेटिनची कॅप्सूल आधीच सुरू केली असेल तर ती एकदम थांबवली तरी चालते, मात्रा हळूहळू उतरवण्याची गरज नसते. वॉरफेरिन किंवा डिगॉक्सिन चालू असल्यास मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवून रक्ततपासणी करून घ्यावी. पुढच्या भेटीला जाताना कॅप्सूलची बाटली सोबत न्यावी, म्हणजे लेबलावर लिहिलेले सर्व घटक आणि त्यांचे प्रमाण वडिलांच्या औषधांच्या यादीशेजारी ठेवून तपासता येईल.